सायलीची प्रॉक्सी

रेखा,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही, याचं कॉलेजात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. संस्थेचे लोक बोलले. विद्यापीठातून आलेले एक गृहस्थ तर तुझं आडनाव चुकवूनही बराच वेळ बोलले. मी पहिल्या रांगेत तुझ्या फोटोसमोर बसून राहिलो. सरांना दुःख आवरत नाहीये, असं लोकांना वाटलं असेल. खरं कारण वेगळं होतं. सभा सुरू असताना मागे कोणीतरी खुर्ची सरकवून बसल्याचा आवाज आला. मग तू बसलीस की हमखास यायचा तसा तो बारीक, अडवून धरलेला खोकला आला. मी वळून पाहिलं नाही. वळलो असतो आणि तिथे कोणी नसतं तर वाईट वाटलं असतं. आणि कोणी असतं, तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

तू गेलीस हे मला कळलेलं आहे. मी स्मशानात होतो, शेवटपर्यंत होतो. कॉलेजला मात्र ते अजून कळलेलं दिसत नाही. प्रत्येक वर्गात शेवटच्या बाकावरची भिंतीकडची जागा अजून रिकामी असते. तू पहिल्या तासाला न सांगता येऊन तिथे बसायचीस. आम्हा शिक्षकांना आधी वाटलं, आमच्यावर पाळत आहे. मग लक्षात आलं की तू फळ्याकडे बघतच नाहीस. एकटी पडलेली पोरं मागे जाऊन बसतात आणि तुला त्यांच्या शेजारी बसायचं असतं. परवा दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेला एक मुलगा तिथे बॅग ठेवता ठेवता थांबला, बॅग उचलून पुढच्या बाकावर गेला. त्याने तुला कधी पाहिलेलं नाही. मी विचारलं, का रे, तिथे का नाही? तो म्हणाला, "सर, तिथे कोणीतरी बसलंय ना." मग स्वतःच मागे बघून गोंधळला आणि पुस्तक उघडून खाली मान घालून बसला.

मला प्रभारी प्राचार्य केलंय, हे तुला कळलं असेलच. तुझ्या खोलीत बसतो. खुर्ची मात्र माझी मी स्टाफरूममधून आणली आहे.

तू प्राचार्य झालीस तेव्हा आपले वर्ग ओस पडत चालले होते. पोरं नाव घालायची, पहिले काही दिवस यायची आणि गायब व्हायची. निकाल दरवर्षी खाली. संस्थेने आपल्या दोघांना उपाय विचारला. मी सांगितला: हजेरी कमी तर परीक्षेला बसायचं नाही, विषय संपला. तू ऐकून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गात येऊन पोरांना म्हणालीस, "आजपासून प्रॉक्सी द्यायला परवानगी आहे." वर्ग हसला. मी हसलो नाही.

"पण खरी द्यायची," तू म्हणालीस. "ज्याचं नाव पुकारलं आणि तो वर्गात नाहीये, त्याच्यासाठी कोणीतरी उभं राहायचं आणि तो आत्ता कुठे आहे ते सांगायचं. ॲबसेंट हा शब्द नको. माणूस कुठेतरी असतोच ना."

पहिलं नाव अक्षयचं निघालं. मागून कोणीतरी म्हणालं, "झोपलाय, मॅडम." पुन्हा हशा. तू विचारलंस, कुठे? तो पोरगा जरा चाचरला. "घरीच. म्हणजे रात्री घरात जागा नसते, मॅडम. तो बाहेर गॅलरीत बसून काढतो. सकाळी सगळे कामावर गेले की आत झोपतो." पुढच्या आठवड्यात त्या वर्गाचं वेळापत्रक तू दुपारकडे सरकवलंस आणि मधला हॉल पोरांना संध्याकाळी अभ्यासाला उघडून दिलास.

मग अशा प्रॉक्सींची रांगच लागली. गणपतीच्या आधी अर्धा वर्ग लालबागच्या कारखान्यांत मूर्ती रंगवायला असतो, हे कळल्यावर चाचणी विसर्जनानंतर गेली. कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी दिसायचा नाही, कारण लॅब तिसऱ्या मजल्यावर. तू माझी अख्खी लॅब तळमजल्यावर आणलीस, मला न विचारता. माझी उपकरणं त्या दमट खोलीत नीट चालेनात म्हणून मी कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. पण पोरं टिकली, रेखा. वर्ग भरले, निकाल चढला. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं, तेव्हा मी फक्त चहा मागवला होता. आज लिहून देतो की तुझंच बरोबर होतं. निदान त्या बाबतीत.

निदान त्या बाबतीत, कारण आपलं मूळ भांडण मिटलेलं नाही. तू गिरगावातली, वडील सरकारी कचेरीत, घरात अभ्यासाला टेबल. मी करी रोडच्या चाळीतला, बाबा गिरणीत. मी तुला म्हणायचो, मला कोण बोलवायला आलं होतं? आम्ही जिन्याखाली बसून शिकलो. ज्याला शिकायचंय तो येतो. तू कधी चिडली नाहीस. एकदा फक्त कँटीनमध्ये बशीत चहा ओतता ओतता विचारलंस, "तुझ्या मजल्यावरची बाकीची मुलं कुठे गेली रे, विलास?" चारचौघांत तू मला सरच म्हणायचीस. विलास फक्त आपण दोघंच असलो की. मी म्हटलं, मला लेक्चर आहे, आणि उठलो.

आता सायलीबद्दल. तिच्याचसाठी लिहायला बसलोय.

सायली सेकंड इयरला. डोकं तल्लख, पण बोलताना शब्द अडकतो. हजेरीला "प्रेझेंट" म्हणायला गेली की "प्र" वरच थांबायची. वर्ग वाट बघायचा, कोणीतरी फिसकन हसायचं. महिनाभरात तिने यायचंच बंद केलं असतं. तू तिच्या शेजारी जाऊन बसलीस आणि तिचं नाव आलं तेव्हा बोटाने बाक दोनदा वाजवलंस. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः वाजवलं. टक टक, म्हणजे सायली हजर. पोरांनी ते इतकं सहज घेतलं की नंतर कोणी मान वर करेना.

मी विरोध केला होता, तो अजूनही आहे. व्हायवाला बाहेरचे परीक्षक येतात. नोकरीच्या मुलाखतीला ती काय टेबल वाजवणार? आपण तिला लाडाने अडवून ठेवतोय, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, "आधी तिला आत तर येऊ दे. बाहेरचं मग बघू." हे बोलणं अर्धंच राहिलं, कारण त्यानंतर तू दवाखान्यात गेलीस. तिथून फोन केलास तेव्हाही म्हणालीस, "सायलीचं बघ हं." मी म्हटलं, तू परत ये आणि तूच बघ. त्या फोनवर आणखी पुष्कळ बोलायला हवं होतं. मला वाटलं, आहे वेळ.

दिवाळीच्या सुट्टीत तू गेलीस. सुट्टी संपली, कॉलेज सुरू झालं, मी वर्गावर गेलो आणि हजेरी घेतली. सायलीचं नाव आलं. टक टक. मी खूण केली आणि पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी टक टक. तिसऱ्या दिवशीही. आठवडा उलटून गेला आणि एक दिवस नाव घेता घेता मी सहज मान वर केली. खिडकीकडचं तिचं बाक रिकामं होतं.

मी फिजिक्सचा माणूस आहे. आवाज आला म्हणजे काहीतरी हललं असणार. शेजारच्या आवारात टॉवरचं काम सुरू आहे, पायलिंगचं मशीन जमिनीत खांब ठोकत असतं, सगळी इमारत थरथरते. मी मनाशी म्हटलं, सापडलं. त्यानंतर मशीन बिघडून बंद पडलं. वर्गात इतकी शांतता की पंख्याचा घरघराट ऐकू येत होता. मी सायलीचं नाव पुकारलं आणि त्या बाकाकडे बघत राहिलो. बाकावर काही नव्हतं. टक टक झालं. लाकडावर बोटाचं हाड आपटतं तसं.

"हे कोण वाजवतंय?" मी विचारलं. वर्गाचा प्रतिनिधी ओंकार उठला. "सर, सायली नाहीये ना. दिवाळीपासून नाही आली."

"मग सांगितलं का नाहीस? ती कुठे आहे ते सांगायचं, हा नियम आहे ना आपला?"

"पण सर, तिची प्रॉक्सी होते ना रोज. आम्हाला वाटलं मॅडम देतात."

कँटीनमध्ये वडे संपले म्हणून सांगावं तितक्या सहज तो हे बोलला. कोणी हसलं नाही. कोणी घाबरलेलंही दिसलं नाही. मी मात्र घाबरलो, आणि त्याच्या मागोमाग मला राग आला. काय झालं होतं ते मला लख्ख दिसलं. टक टक झालं की सायली हजर, हे पोरांच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून तिची कोणी चौकशी केली नाही. म्हणून तिची हजेरी पूर्ण लागत गेली, म्हणून ऑफिसने तिच्या घरी कळवलं नाही. इतर कुठल्याही कॉलेजात ती केव्हाच गैरहजर ठरली असती. आपल्याकडे, आपल्याच पद्धतीमुळे, एक मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरवली. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत संपत आली होती. ती चुकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि सायलीसारखी मुलगी एकदा सुटली की परत येत नाही.

त्या दुपारी मी तुझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तुझ्या रिकाम्या खुर्चीशी भांडलो. लाज वाटली, पण भांडलो. म्हटलं, रेखा, हा काय प्रकार आहे? ही खोटी प्रॉक्सी आहे. नियम तूच केलास ना? माणूस नसेल तर तो कुठे आहे ते सांगायचं. नुसतं टक टक करून पोरीचं वाटोळं करायला निघालीस का? खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. माझा आवाज मलाच फार मोठा वाटला आणि मी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी सायलीचं नाव घेतलं आणि थांबलो. टक टक झालं नाही. मी वाट बघितली. वर्गाने वाट बघितली. मग पहिल्या बाकावरची, दिवाळीनंतरच बदली घेऊन आलेली एक मुलगी, जी सायलीला ओळखतसुद्धा नव्हती, वहीत काहीतरी लिहीत असतानाच म्हणाली, "रे रोडला." मी विचारलं, तुला कसं माहीत? तिने वर पाहिलं. "काय, सर? मी काही बोलले नाही." शेजारची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनेही ऐकलं होतं.

रे रोड काही लहान नाही. म्हणून मी आधी सायलीच्या करी रोडच्या पत्त्यावर गेलो. माझ्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. चाळ रिकामी करायला घेतली होती, दारांवर खडूने खुणा केलेल्या. समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं, आईवडील गावी गेले, पोरगी रे रोडला मामाकडे, लाकडाच्या वखारीमागे. मी वळलो आणि त्या लांबलचक गॅलरीकडे बघत उभा राहिलो. कँटीनमध्ये तुला उत्तर दिलं नव्हतं, ते आता देतो. आमच्या मजल्यावर बाळू होता. गणितात माझ्या दोन पावलं पुढे. संप झाला आणि तो भाजीच्या गाडीवर उभा राहिला. शेवटच्या खोलीतली सुमन होती, तिचं अक्षर इतकं सुंदर की मास्तर तिची वही सगळ्यांना दाखवायचे. तिचं लग्न लावून दिलं. दोघांचीही नावं शाळेत काही दिवस पुकारली गेली, मग पुकारणं बंद झालं. कोणीच विचारायला गेलं नाही. शिकायची इच्छा तिघांनाही सारखीच होती, रेखा. माझ्या बाबांना गिरणीनंतर लगेच दुसरं काम मिळालं, एवढाच फरक.

वखारीत करवत सुरू होती. मागच्या खोल्यांपर्यंत सगळ्यावर भुशाचा पातळ थर, पायरीवर, खिडकीवर, दोरीवरच्या कपड्यांवर. दारात एक बाई तांदूळ निवडत होती. मी नाव सांगायच्या आत तिने सूप बाजूला ठेवलं.

"येवा, सर. चेडू सकाळीच म्हणा होता, आज सर येतले."

ही सायलीची मामी, आणि चेडू म्हणजे सायली. आत सायली खिडकीपाशी बसली होती, फिजिक्सचं पुस्तक उघडं. तिच्या शेजारी एक स्टूल होतं. खोलीभर भुसा, ते स्टूल तेवढं स्वच्छ. मी त्यावर बसायला गेलो आणि का कोण जाणे, खाली चटईवर बसलो.

तिने कॉलेज का सोडलं ते सांगायला तिला वेळ लागला. मी घाई केली नाही. मॅडम गेल्या, आता बाक वाजवू देणार नाहीत. सर म्हणतात व्हायवा द्यावीच लागते. परीक्षकांसमोर शब्द अडकला की ते घड्याळ बघतात. "मला त... ते नको, सर."

मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, वर्गात बाक वाजव, कोणी अडवणार नाही. पण व्हायवा द्यायची. तुला जास्त वेळ मिळावा म्हणून मी भांडेन, लिहून उत्तर द्यायची सोय मागेन. तरी थोडं बोलावं लागेल. त्याची तयारी माझ्याबरोबर कर. तासभर लागला तरी मी घड्याळ काढून ठेवीन.

तिने मान हलवली. "म... मॅडमपण हेच म्हणाल्या."

"कधी?"

"मं... मंगळवारी."

मंगळवारी तू जाऊन महिना होत आला होता. मी मामीकडे पाहिलं. ती चहा टाकत होती.

"त्यो म्याडम मा? दुपारच्या येतत," ती म्हणाली. "हयसर बसतत, तिच्या बाजूक. मी चाय ठेवतंय म्हटलंय तरी घेनत नाय."

दिसायला कशा आहेत, हे मी विचारलं नाही. एखादी दुसरी बाई असेल, शेजारची, एखाद्या संस्थेतली. विचारलं असतं तर कदाचित तसंच निघालं असतं. मी सायलीला एवढंच विचारलं की मॅडम काय बोलतात.

"काही नाही. ब... बसतात." मग तिने स्टुलाकडे पाहिलं आणि एकही शब्द न अडखळता, सलग, तुझ्या त्या संथ चालीत म्हणाली, "काल म्हणाल्या, विलासला सांग, मला आता फार लांब पडतं."

माझं नाव कॉलेजातल्या कुठल्याही मुलाच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. करवत थांबली होती. मामीने कप पुढे केला. मी तो घेतला, आणि त्या अनोळखी खोलीत, चटईवर बसून, तू गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. सायलीने मला थांबवलं नाही. ती फक्त थोडी सरकून माझ्या शेजारी येऊन बसली.

फॉर्म मुदतीत गेला. सायली रोज येते, रोज बाक वाजवते. दर गुरुवारी लॅबमध्ये मला व्हायवा देते. आपलं भांडण आम्ही दोघं मिळून पुढे चालवतोय असं समज. काल "प्रतिरोध" या शब्दावर बराच वेळ अडकली, पण सोडला नाही. मीही सोडला नाही. तुला हे बघायला आवडलं असतं, आणि ते तू बघितल्याशिवाय मी तुला जाऊ द्यायला नको होतं, असं रोज वाटतं. तुझी आठवण येते, रेखा. तू जिंकायचीस त्या भांडणांचीसुद्धा येते.

आज सकाळी निखिलचं नाव पुकारलं. निखिल नव्हता. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, तो शिवडीला घरीच. बाबांना पॅरालिसिस झालाय, त्यांना उचलायला दुसरं कोणी नाही." ही मुलगी कोण, ते मी नीट पाहून घेतलं. आपल्याच वर्गातली होती.

दुपारची कामं मी ऑफिसला सांगून टाकली आहेत. आता निघतोय. तू येऊ नकोस, रेखा. शिवडी मला जवळ आहे. मी जातो.